लावलेले वन आणि उभे राहिलेले वन
चीन व भारत यांच्या लागवडीच्या वनक्षेत्राचा तुलनात्मक अभ्यास

दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी या उपक्रमाला चालना दिली, त्याला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात शाळा, ग्रामपंचायती, शासकीय कार्यालये आणि स्वयंसेवी संस्था यांनी असंख्य रोपे लावली. लागवडीचे आकडे दरवर्षी वरिष्ठ कार्यालयांकडे जातात, तेथे त्यांची बेरीज होते आणि पुढे तेच आकडे राज्याच्या, देशाच्या व अखेरीस जगाच्या तक्त्यांत उतरतात.

या तक्त्यांच्या आधारे देशादेशांची तुलना केली जाते. चीनने इतके कोटी हेक्टर वन लावले, भारताने मात्र इतकेच, असे विधान भाषणांत व पाठ्यपुस्तकांत आपण वाचतो. ते विधान खोटे नसते. परंतु त्यामागे कोणते माप वापरले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थही लागत नाही. लावलेल्या रोपांची संख्या, लागवड झालेले क्षेत्र आणि प्रत्यक्ष उभे राहिलेले वन या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर कळले, तरच तुलनेतून काही शिकता येते. चीन व भारत या दोन देशांचे उदाहरण घेऊन हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लागवडीचे वन म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगातील वनसंपत्तीचा आढावा ठराविक काळाने प्रसिद्ध करते. या आढाव्याच्या व्याख्येनुसार किमान अर्धा हेक्टर क्षेत्र, पाच मीटरपर्यंत वाढणारी झाडे आणि किमान दहा टक्के छत्र, म्हणजे झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन, एवढ्या अटी पूर्ण झाल्या तर त्या जमिनीला वन म्हणतात. जमिनीचा मुख्य उपयोग शेतीचा किंवा नागरी वस्तीचा असेल, तर तेथे झाडे असूनही ते वन ठरत नाही. म्हणून फळबाग या व्याख्येत बसत नाही. रबराची लागवड मात्र बसते.

वनाचे पुढे दोन भाग पडतात. आपोआप उगवून वाढलेले ते नैसर्गिक पुनरुत्पादनाचे वन. आणि ज्यातील बहुतांश झाडे माणसाने रोप लावून किंवा बी पेरून वाढविली ते लागवडीचे वन. लागवडीच्या वनातही ओळीने, ठराविक अंतरावर, एका किंवा दोन जातींची व एकाच वयाची झाडे असतील, तर त्याला काटेकोर अर्थाने रोपवन म्हणतात. आपल्याकडील सागाची, निलगिरीची रोपवने ही याची परिचित उदाहरणे होत. २०२० सालच्या आढाव्यानुसार जगात सुमारे २९ कोटी ४० लाख हेक्टर लागवडीचे वन होते. जगातील एकूण वनक्षेत्राशी त्याचे प्रमाण सुमारे सात टक्के पडते.

तीस वर्षांचा ताळेबंद

अन्न व कृषी संघटनेच्या आढाव्यांवरून दोन्ही देशांतील लागवडीच्या वनाचे क्षेत्र स्थूलमानाने पुढीलप्रमाणे दिसते :

१९९० — चीन : चार ते साडेचार कोटी हेक्टर; भारत : सुमारे ५७ लाख हेक्टर.
२००० — चीन : साडेपाच कोटी हेक्टरांच्या आसपास, भारत : सुमारे ७२ लाख हेक्टर.
२०१० — चीन : सव्वासात ते पावणेआठ कोटी हेक्टर, भारत : एक कोटी हेक्टरांहून थोडे अधिक.
२०२० — चीन : सुमारे ८ कोटी ४७ लाख हेक्टर, भारत : सुमारे १ कोटी ३३ लाख हेक्टर.

या तक्त्याकडे पाहताच चीन फार पुढे असल्याचे जाणवते. २०२० साली जगातील लागवडीच्या वनांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र एकट्या चीनमध्ये होते. भारताच्या तुलनेत ते सहापटींहून अधिक भरते. तीस वर्षांत चीनने दरवर्षी सरासरी तेरा-चौदा लाख हेक्टरांची निव्वळ भर घातली. भारताची भर वर्षाला अडीच लाख हेक्टरांची होती.

आता हाच तक्ता दुसऱ्या रीतीने वाचू. १९९० च्या मानाने २०२० साली चीनचे क्षेत्र सुमारे दुप्पट झाले, तर भारताचे सव्वादोनपटींहून अधिक झाले. म्हणजे वाढीच्या वेगात भारत मागे नाही. आरंभीचा आकडा लहान असला की थोडी भरही मोठ्या टक्केवारीत दिसते, हे येथे विसरता कामा नये.

तिसरे माप जमिनीचे. चीनचे भौगोलिक क्षेत्र सुमारे ९६ कोटी हेक्टर आणि भारताचे सुमारे ३२ कोटी ८७ लाख हेक्टर आहे. या हिशेबाने चीनमध्ये शंभर हेक्टरांमागे सुमारे नऊ हेक्टर आणि भारतात सुमारे चार हेक्टर लागवडीचे वन येते. सहापटींचे अंतर येथे जेमतेम सव्वादोनपटींवर आले. चौथे माप लोकसंख्येचे. २०२० साली दोन्ही देशांची लोकसंख्या जवळजवळ सारखी होती, त्यामुळे माणशी हिशेबात अंतर पुन्हा सहापटींहून अधिक होते. चीनमध्ये सुमारे सतरा माणसांमागे एक हेक्टर लागवडीचे वन पडते, भारतात शंभराहून अधिक माणसांमागे एक.

एकाच तक्त्यातून चार वेगवेगळे निष्कर्ष निघाले. त्यांपैकी एकही चुकीचा नाही. म्हणून तुलना करणाऱ्याने आपण कोणते माप वापरतो हे आधी सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ते विचारावे.

चीनची वाटचाल

१९४९ साली चीनचे वनक्षेत्र भूभागाच्या सुमारे ८.६ टक्के होते, असे मानले जाते. पन्नासच्या दशकात तेथे मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. परंतु १९५८ नंतरच्या ‘मोठ्या झेपे’च्या काळात गावोगावच्या पोलाद भट्ट्यांसाठी झाडांची बेसुमार तोडही झाली. पहिल्या तीन दशकांतील मोहिमांत लावलेली पुष्कळ रोपे जगलीही नाहीत.

१९७८ साली उत्तर, ईशान्य व वायव्य चीनमध्ये संरक्षक वृक्षपट्ट्यांचा कार्यक्रम सुरू झाला. वाळवंटाकडून येणारी वाळू व धूळ अडविणे हा त्याचा मुख्य हेतू होय. हा कार्यक्रम २०५० पर्यंत चालविण्याचे ठरले आहे. एका पंचवार्षिक योजनेपुरता किंवा एका अधिकाऱ्याच्या कार्यकाळापुरता त्याचा विचार झालेला नाही, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. कार्यक्रमाच्या प्रदेशातील वनाचे प्रमाण आरंभी सुमारे पाच टक्के होते, ते साडेतेरा टक्क्यांवर गेल्याचे तेथील शासकीय आकडे सांगतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तक्लामाकान वाळवंटाभोवतीचा ३,०४६ किलोमीटर लांबीचा हरितपट्टा पूर्ण झाला.

१९७९ साली १२ मार्च हा वृक्षारोपण दिन ठरला. १९८१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने ठराव करून अकरा वर्षांवरील प्रत्येक सक्षम नागरिकाने वर्षाला तीन ते पाच झाडे लावावीत असे ठरविले. १९९८ साली यांगत्से नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. नदीच्या वरच्या खोऱ्यातील वृक्षतोड हे त्याचे एक कारण मानले गेले. त्याच वर्षी नैसर्गिक वनांतील तोडीवर निर्बंध आणणारा कार्यक्रम आणि १९९९ साली उताराची शेतजमीन वनाखाली आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

या शेवटच्या कार्यक्रमाची रचना अभ्यसनीय आहे. तीव्र उतारावर, विशेषतः पंचवीस अंशांहून अधिक चढावर, शेती करणाऱ्या कुटुंबाने ती जमीन झाडांखाली आणली, तर शासनाने त्याला धान्य द्यावयाचे, असे ठरले. यांगत्सेच्या खोऱ्यात हेक्टरी वर्षाला २,२५० किलो आणि पीत नदीच्या खोऱ्यात १,५०० किलो धान्य, शिवाय हेक्टरी ३०० युआन रोख व आरंभी रोपांसाठी ७५० युआन, असे हे मूळ दर होते. पुढे धान्याऐवजी रोख रक्कम देण्यात येऊ लागली. मदत एका वर्षाची नव्हती. लावलेल्या झाडांच्या प्रकारानुसार ती अनेक वर्षे मिळे, आणि झाडे जगली आहेत की नाहीत याच्या तपासणीशी ती जोडलेली होती. २००८ पासून सामूहिक मालकीची वनजमीन कुटुंबांना सत्तर वर्षांच्या कराराने देण्याची सुधारणाही देशभर लागू झाली. ज्याने झाड लावले त्यालाच त्याचे फळ मिळेल, ही शाश्वती त्यामागे होती.

भारताची वाटचाल

भारतात शास्त्रीय पद्धतीच्या रोपवनांचा आरंभ फार जुना आहे. केरळमधील निलंबूर येथील सागाची रोपवने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकातील आहेत. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एक-तृतीयांश भूभाग वनाखाली असावा, असे उद्दिष्ट ठेवले. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने आपल्या अहवालात दोन दिशा सुचविल्या. वनजमिनीवर उद्योगांसाठी उत्पादक रोपवने उभारावीत आणि वनाबाहेरील पडीक जमिनी, गायराने, रस्त्याच्या कडा व शेताचे बांध यांवर लोकांच्या गरजांसाठी सामाजिक वनीकरण करावे.

महाराष्ट्रात या दोन्ही दिशांनी काम झाले. महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना १९७४ साली झाली होती, आणि १९८२ साली सामाजिक वनीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. १९८५ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापून दरवर्षी पन्नास लाख हेक्टरांवर लागवड करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. १९८८ च्या वननीतीने उत्पादनापेक्षा पर्यावरणाच्या समतोलाला अग्रक्रम दिला आणि १९९० च्या जूनमध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक निघाले.

ऐंशीच्या दशकात गुजरात, हरियाणा, पंजाब व उत्तर प्रदेश येथील शेतकऱ्यांनी निलगिरीची लागवड फार मोठ्या प्रमाणावर केली. दशकाच्या अखेरीस माल बाजारात आला तेव्हा भाव कोसळले आणि अनेकांनी लागवड सोडली. तरीही झाडांची शेती थांबली नाही. पंजाब-हरियाणाच्या शेतांतील पॉप्लर, आंध्र प्रदेशातील निलगिरी व सुबाभूळ यांवर प्लायवूड व कागदाचे कारखाने चालतात. भारतातील औद्योगिक लाकडाचा फार मोठा हिस्सा आज वनाबाहेरील झाडांतून येतो.

येथेच दोन्ही देशांच्या तुलनेतील एक मूलभूत भेद दिसतो. भारतात निव्वळ पेरणीखालील जमीन सुमारे १४ कोटी हेक्टर, म्हणजे भूभागाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. चीनची लागवडयोग्य शेतजमीन सुमारे १२ कोटी ८० लाख हेक्टर, म्हणजे भूभागाच्या तेरा-चौदा टक्के आहे. सलग मोठ्या रोपवनांना भारतात जागाच कमी. उरलेल्या पडीक जमिनीवर गुराढोरांच्या चराईचा आणि सरपणाचा भार. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळशी झाडे बांधावर, परसात व रस्त्याकडेला उभी आहेत, आणि ती ‘लागवडीचे वन’ या रकान्यात येत नाहीत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के होते. त्याशिवाय वृक्षाच्छादन १,१२,०१४ चौरस किलोमीटर, म्हणजे ३.४१ टक्के होते. वृक्षाच्छादनात महाराष्ट्राचे क्षेत्र सर्व राज्यांत अधिक आहे.

एकाच वर्षाचे दोन आकडे

अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट येथे नमूद करणे अगत्याचे आहे. अन्न व कृषी संघटनेच्या २००० सालच्या अहवालात भारतातील रोपवनांचे क्षेत्र सुमारे ३ कोटी २६ लाख हेक्टर आणि चीनचे सुमारे ४ कोटी ५१ लाख हेक्टर दिले होते. म्हणजे त्या तक्त्यानुसार भारत चीनच्या फार मागे नव्हता. २०१० च्या अहवालात मात्र त्याच २००० सालासाठी भारताचा आकडा सुमारे ७२ लाख हेक्टर आहे. मधल्या काळात अडीच कोटी हेक्टर वन तोडले गेले असे कोणीही म्हणणार नाही. बदल झाला तो मोजणीत.

पहिला आकडा मुख्यतः वर्षानुवर्षांच्या लागवडीच्या अहवालांची बेरीज होता. त्यात वनाबाहेरील लागवडही धरलेली होती. शेतकऱ्यांना वाटलेली रोपे हेक्टरांत बदलताना हेक्टरी दोन हजार रोपे असा सरसकट हिशेब केला जाई. रोप वाटले म्हणजे ते लागले, लागले म्हणजे जगले आणि जगले म्हणजे वन झाले, असे या हिशेबात गृहीत होते. दुसरा आकडा वनाच्या व्याख्येत बसणाऱ्या क्षेत्राचा आहे.

चीनच्या आकड्यांतही असे चढउतार आहेत. २००५ सालासाठी २००५ च्या अहवालात रोपवनांच्या काटेकोर व्याख्येनुसार सुमारे ३ कोटी १४ लाख हेक्टर, तर २०१० च्या अहवालात लागवडीच्या वनाच्या व्यापक व्याख्येनुसार सुमारे ६ कोटी ७२ लाख हेक्टर असे क्षेत्र दिसते. चीनच्या स्वतःच्या वनगणनेत वनासाठी छत्राची मर्यादा पूर्वी तीस टक्के होती. १९९४ च्या सुमारास ती वीस टक्क्यांवर आणली गेली. तेथे फळझाडांसारखी ‘आर्थिक वने’ही धरली जातात. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर दहा टक्के छत्र असेल तर मालकी, झाडाची जात वा जमिनीचा उपयोग न पाहता त्याला वनाच्छादन म्हणते. म्हणून आमराई व काजूची बागही त्यात येऊ शकते. शिवाय १९८७ च्या पहिल्या अहवालात उपग्रहाच्या चित्रावरून चारशे हेक्टरांपेक्षा लहान तुकडा नोंदता येत नव्हता, २००१ पासून एक हेक्टराचा तुकडाही नोंदता येतो. तेव्हा जुन्या व नव्या अहवालांची सरळ वजाबाकी करून वन किती वाढले हे सांगणे धोक्याचे आहे.

बेरजेत काय झाकले जाते?

१९९० ते २०२० या काळात भारताचे एकूण वनक्षेत्र ६ कोटी ३९ लाख हेक्टरांवरून ७ कोटी २२ लाख हेक्टरांवर गेले. वाढ सुमारे ८२ लाख हेक्टरांची. याच काळात लागवडीचे वन सुमारे ७५ लाख हेक्टरांनी वाढले. म्हणजे एकूण वाढीपैकी बहुतांश वाढ लागवडीची आहे आणि नैसर्गिक वन जवळजवळ होते तेथेच आहे. परंतु तेही निव्वळ बेरजेत. एका प्रदेशातील घट दुसऱ्या प्रदेशातील वाढीने भरून निघाली, की बेरीज स्थिर दिसते. ईशान्येकडील राज्यांत २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत वनाच्छादन १,०२० चौरस किलोमीटरने घटल्याचे वन सर्वेक्षणाने नोंदविले आहे. शेकडो वर्षांच्या मिश्र वनाचा एक हेक्टर आणि पाच वर्षांच्या निलगिरीचा एक हेक्टर तक्त्यात सारखेच दिसतात. जमीन, पाणी, पशुपक्षी व त्यावर जगणारी माणसे यांच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

चीनच्या अनुभवातही सावधगिरीचे धडे आहेत. वायव्य चीनच्या संरक्षक पट्ट्यांत पॉप्लरच्या मोजक्या जाती सलग लावल्या गेल्या. लांब मिशांच्या खोडकिड्याचा प्रादुर्भाव झाला तेव्हा निंगशिया प्रांतातील पट्ट्यांची फार हानी झाली आणि पुष्कळ झाडे तोडावी लागली. पीत नदीच्या लोएस पठारावर लागवडीमुळे मातीची धूप घटली, हे मोठे यश होय. परंतु वाढत्या झाडोऱ्याला लागणारे पाणी आता तेथील उपलब्ध पाण्याच्या मर्यादेजवळ येत आहे, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कमी पावसाच्या प्रदेशात दाट वृक्षलागवड करण्यापेक्षा गवत व झुडपे राखणे कित्येकदा अधिक हितकर ठरते. आपल्या राज्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांनाही हा विचार लागू पडतो.

उपग्रहांच्या साह्याने केलेली आणखी एक मोजणी येथे उपयोगी पडेल. २००० ते २०१७ या काळात पृथ्वीवरील पानांचे क्षेत्र वाढविण्यात चीन व भारत हे अग्रेसर आहेत, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. परंतु चीनमधील वाढीत वनांचा वाटा ४२ टक्के व शेतीचा ३२ टक्के होता, तर भारतात शेतीचा वाटा ८२ टक्के आणि वनांचा केवळ ४.४ टक्के होता. दोन्ही देश हिरवे होत आहेत. मात्र एक मोठ्या अंशी झाडांनी, दुसरा मुख्यतः सिंचनावरील पिकांनी. हिरवा रंग दिसला म्हणजे वन वाढले, असे समजू नये.

गावाच्या पातळीवर याचा उपयोग

राष्ट्रांच्या तक्त्यांतील दोष गावाच्या नोंदवहीत जन्म घेतात, आणि ते तेथेच दुरुस्त होऊ शकतात. एक उदाहरण घेऊ. एखाद्या गावाच्या दहा हेक्टर गायरानावर तीन मीटर अंतराने रोपे लावली, तर हेक्टरी सुमारे १,१११ रोपे बसतात. कुंपण व राखण नसल्याने ती उन्हाळ्यात गेली. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा लागवड झाली. असे पाच वर्षे चालले, तर लागवडीच्या अहवालात पन्नास हेक्टर व पंचावन्न हजारांहून अधिक रोपे नोंदली जातील. जमिनीवर मात्र दहा हेक्टरांपेक्षा अधिक वन असूच शकत नाही, आणि कदाचित एकही हेक्टर नसेल. यात कोणी खोटी नोंद केली असे नाही. दरवर्षीची प्रत्येक नोंद खरी आहे. चूक आहे ती नोंदींची बेरीज करून तिला वन म्हणण्यात.

म्हणून ग्रामपंचायतीने लागवडीची वेगळी नोंदवही ठेवावी. तिच्यात गट क्रमांक, क्षेत्र, रोपांची जात व संख्या, लागवडीचा महिना आणि राखणीची जबाबदारी कोणाकडे आहे, याची नोंद असावी. त्यापुढे तीन रकाने मोकळे सोडावेत : पहिल्या उन्हाळ्यानंतर जिवंत रोपे, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत रोपे आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत रोपे. पूर्वी लागवड झालेल्या गटात पुन्हा लागवड झाली, तर तसा स्पष्ट शेरा मारावा व ते क्षेत्र नव्याने धरू नये. ही नोंदवही वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचून दाखविली, तर तिची सत्यता गावच तपासील.

रोपे जगविण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. पावसाच्या आरंभी लागवड, स्थानिक व मिश्र जाती, मृद व जलसंधारणाची कामे, पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी आणि चराईबंदी. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाच्या निर्णयाने पाळून दाखविली. जेथे जुनी मुळे व खोडे जमिनीत जिवंत आहेत, तेथे नवी रोपे लावण्याऐवजी बंदिस्ती करून नैसर्गिक वाढ होऊ देणे स्वस्त व अधिक टिकाऊ ठरते. अशा क्षेत्राची ‘लागवड’ म्हणून नोंद होत नाही, म्हणून ते काम कमी महत्त्वाचे मानू नये.

शिक्षकांना या विषयातून गणित व भूगोल यांचा उत्तम पाठ घेता येईल. वर दिलेल्या तक्त्यावरून विद्यार्थ्यांनी फरक, पट, टक्केवारी व दर शंभर हेक्टरांमागील प्रमाण काढावे आणि प्रत्येक उत्तराने कोणता देश पुढे दिसतो ते सांगावे. त्यानंतर शाळेच्या परिसरात गेल्या तीन वर्षांत लावलेली रोपे मोजून जिवंत रोपांचे शेकडा प्रमाण काढावे. चीनचा आणि भारताचा आकडा कसा तयार होतो, हे त्यांना या मोजणीतून जितके समजेल, तितके कोणत्याही व्याख्यानातून समजणार नाही.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने चीनच्या अनुभवातील घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लागवडीनंतरच्या वर्षांसाठी केलेली तरतूद होय. तेथे शेतकऱ्याला झाड जगविण्यासाठी अनेक वर्षे मोबदला मिळाला आणि तो तपासणीशी जोडला गेला. आपल्या योजनांतही उद्दिष्ट ठरविताना ‘या वर्षी किती रोपे लावली’ यासोबत ‘तीन वर्षांपूर्वीची किती रोपे उभी आहेत’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी व तेहतीस कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे ठेवण्यात आली होती. अशा मोठ्या मोहिमेत लोकांचा सहभाग मिळतो, ही जमेची बाजू आहे. त्या सहभागाचे मोल टिकावयाचे, तर उन्हाळ्यातील मोजणीही तेवढ्याच जाहीरपणे व्हावयास हवी.

चीनशी बरोबरी करणे हे भारताचे उद्दिष्ट असण्याचे कारण नाही. जमीन, पाऊस, शेतीचा विस्तार व लोकजीवन यांत दोन्ही देश भिन्न आहेत. आपल्या भूमीला कोठे रोपवन, कोठे बांधावरची झाडे, कोठे राखलेले रान आणि कोठे नुसते गवत मानवते, हे ठरवून त्याप्रमाणे काम करणे हेच खरे उद्दिष्ट होय. मात्र जे लावले त्याचा हिशेब प्रामाणिक असावा. लागवडीचा आकडा जुलैमध्ये ठरतो. वनाचा आकडा तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, उन्हात उभे राहून मोजावा लागतो. ती मोजणी करणारी गावे जसजशी वाढतील, तसतसा देशाच्या तक्त्यातील आकडाही विश्वासार्ह होत जाईल.